साक्ष आणि संदर्भ : 'ऑन द वॉटरफ्रंट'चे शालेय वाचन

इंग्रजीभाषक देशांतील शालेय इंग्रजीच्या अभ्यासात चित्रपट संहिता म्हणून वाचला जाऊ लागला, तेव्हा 'सांस्कृतिक संदर्भ' ही संकल्पनाही वर्गात आली. बहुधा हा संदर्भ नाटकातल्या मागच्या पडद्यासारखा शिकवला जातो : आधी काळ आणि स्थळ, मग त्यांच्यापुढे घडणारे कथानक. एलिया कझान दिग्दर्शित 'ऑन द वॉटरफ्रंट' (१९५४) या पद्धतीची मर्यादा उघड करतो. कारण येथे संदर्भ दोन आहेत आणि त्यांचा परस्परांशी झगडा आहे.

पहिला संदर्भ गोदीचा. न्यूयॉर्क बंदरातील गुन्हेगारीवरील माल्कम जॉन्सन यांच्या वृत्तमालेला १९४९ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. रोज सकाळी जमलेल्या कामगारांतून मुकादम हवे तेवढे निवडी. उरलेले रिकाम्या हाताने परतत. या व्यवस्थेत गप्प राहणे ही पोटाची अट होती. पटकथाकार बड शुलबर्ग यांनी फादर बॅरी हे पात्र गोदी कामगारांसाठी झटणाऱ्या जॉन कॉरिडन या धर्मगुरूंवरून घडवले, आणि चित्रीकरण होबोकेनच्या प्रत्यक्ष गोदीत झाले.

दुसरा संदर्भ चौकशीचा. एप्रिल १९५२ मध्ये कझान यांनी अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या अमेरिकाविरोधी कारवाया समितीपुढे 'ग्रुप थिएटर'मधील आठ जुन्या सहकाऱ्यांची नावे सांगितली. शुलबर्ग आणि खलनायक साकारणारे ली जे. कॉब यांनीही अशीच साक्ष दिली होती. टेरी मलॉय साक्षीचा पश्चात्ताप नाकारतो, त्या क्षणी आपणच बोलत होतो, हे कझान यांनी १९८८च्या आत्मचरित्रात मान्य केले. शुलबर्ग मात्र विषय गोदीचाच असल्याचे सांगत राहिले.

मराठीत 'साक्षीदार' आणि 'खबऱ्या' यांत नैतिक अंतर आहे. टेरी खुनी टोळीविरुद्ध बोलतो आणि जीव धोक्यात घालतो. समितीपुढे नावे सांगणाऱ्याला स्वतःचे काम राखता येत होते. धोका नाव घेतलेल्यांना होता. टेरीच्या धैर्याचे तेज या दुसऱ्या कृतीवर पडावे, अशी चित्रपटाची रचना आहे. केवळ चौकशीच्या अंगाने वाचले, तर गोदी कामगार रूपकापुरते उरतात. केवळ गोदीच्या अंगाने वाचले, तर ती आठ माणसे अदृश्य होतात.

१९९९ मध्ये कझान यांना मानद ऑस्कर दिले गेले, तेव्हा सभागृहातील काही जण उभे राहिले, काही हात बांधून बसून राहिले. सत्तेचाळीस वर्षांनंतरही तो संदर्भ इतिहासजमा झालेला नव्हता. म्हणून विद्यार्थ्याने तारखांच्या पाठांतराशी थांबू नये. या कलाकृतीने कोणाची साक्ष ऐकवली आणि कोणाची दडवली, हे विचारण्यापासून संदर्भाचा अभ्यास सुरू होतो.