गोताचा न्याय

राज्य कोणाचें, या प्रश्नाचें उत्तर धाराशिवच्या मुलखांत वारंवार बदललें. बहामनी गेले, नळदुर्ग आदिलशाहींत गेला, १६०० मध्यें अहमदनगर पडल्यावर निजामशाहीची गादी कांहीं काळ परंड्यास आली, पुढें मोगल आले आणि त्यांच्यामागून असफजाही. परंतु शीव कोठून जाते, पाटिलकी थोरल्या घराची कीं धाकट्या, पोळ्यास पहिला बैल कोणाचा, हे तंटे बहुधा दरबारापर्यंत जातच नसत. त्यांचा निकाल गोतसभेंत लागे.

राजावांचून कारभार चालविण्याची रीत अन्य देशांतही आढळते. पूर्व आफ्रिकेंतील मसाई लोकांत एका वेळीं दीक्षा घेतलेल्या पुरुषांचा एक वयोगट बने आणि तो गट वयानें वडील झाला म्हणजे तंटे तोडण्याचा अधिकार त्याच्याकडे येई. केनियांतील मेरू लोकांची ‘न्जुरी न्चेके’ ही वृद्धसभा तर आजही मान राखून आहे. तेथें अधिकार वयानें मिळे. इकडे तो वतनानें, म्हणजे जन्मानें मिळे. हा भेद लहान नव्हे.

परगण्यावर देशमुख व देशपांडे, गांवांत पाटील, कुळकर्णी व चौगुला, पेठेंत शेटे-महाजन, आणि त्यांच्यासह बलुतेदार, असें हें गोत असे. वादी-प्रतिवादी प्रथम आपापली तकरीर लिहून देत. निर्णय मान्य करूं असा राजीनामा व त्यास जामीन देत. मग साक्षी होत. स्वतःच्या गांवांत पक्षपाताचें भय वाटल्यास परस्थळ मागतां येई, म्हणजे तंटा दुसऱ्या ठिकाणच्या गोताकडे सोंपविला जाई. साक्षीपुराव्यानें उलगडा न झाल्यास दिव्याचा मार्ग उरे. रवा-दिव्यांत उकळत्या तेलातुपांतून धातूचा तुकडा काढावा लागे. हात पोळला तर दावा खोटा. निकालाचा महजर होई. त्यावर पाटलाचा नांगर, चांभाराची आरी, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्या उमटत. जिंकणाऱ्याकडून हरकी व हरणाऱ्याकडून गुन्हेगारी सरकार घेई.

या निवाड्याचें बळ गांवाच्या स्मरणांत होतें. ज्यांच्यासमोर निकाल झाला, त्यांच्याच शेजारीं उभा जन्म काढावयाचा होता. शिवेच्या वादांत महाराची साक्ष मोलाची मानली जाई, कारण शिवेची राखण त्याच्याकडे असे. परंतु ज्याच्या शब्दावर शीव ठरे, त्यास गांवकुसाच्या आंत घर बांधतां येत नसे. त्याचें वतन म्हणजे अधिकार थोडा आणि राबणूक अहोरात्र, असा प्रकार होता. वतनदारी मुख्यतः पुरुषांच्या हातीं असल्यानें स्त्रियांचा शब्दही सभेंत क्वचितच पोंचे.

१८५३ च्या तहानें हा मुलूख निजामाकडून इंग्रजांकडे आला आणि मेडोज टेलर नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहूं लागला. १८६० मध्यें मुलूख निजामास परत मिळाला. त्यानंतर सालारजंगाच्या सुधारणांत, १८६५ च्या सुमारास, जिल्हे, तालुके व पगारी अंमलदार आले. देशमुख-देशपांड्यांकडून वसुलीचें काम गेलें. पाटलांत माली पटेल व पोलीस पटेल असे भाग पडले. न्याय कचेरीकडे गेला. गांवास जें तोंडपाठ होतें, तें तेथें कागदावर सिद्ध करावें लागे.

तरी वतनाचा जाच उरलाच होता. फेब्रुवारी १९४१ मध्यें, आज धाराशिव जिल्ह्यांत असलेल्या कसबे तडवळें येथें महार-मांग वतनदारांची परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तीस उपस्थित होते. गोतसभेंत ज्यांची केवळ साक्ष घेतली जाई, त्यांनीं येथें स्वतःची सभा भरवून वतनाचाच प्रश्न पुढें मांडला.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी संपली. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आला. १९६२ च्या कायद्यानें मुलकी पाटलाचें वंशपरंपरागत पद रद्द झालें. १९९२ च्या घटनादुरुस्तीनें ग्रामसभेस घटनेंत स्थान मिळालें. उघड्यावर, सर्वांदेखत निर्णय करण्याची गोतसभेची रीत ग्रामसभेनें जरूर उचलावी. मात्र महजरावर जिची निशाणी कधीं उमटली नाहीं ती बाई, आणि वेशीबाहेर ज्याला ठेवलें तो माणूस, हीं दोघें तेथें मोकळेपणानें बोलूं शकतात कीं नाहीं, यावरच नव्या सभेची परीक्षा व्हावयाची आहे.