प्रयोगवृत्तान्ताची सुधारणा : यादी आणि नोंद

औषधांच्या चाचण्यांचे वृत्तान्त अपुरे असतात ही तक्रार जुनी आहे. परंतु ते पुरे लिहिताच येत नाहीत, असे नव्हे. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४८ साली क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यात १०७ रुग्णांपैकी ५५ जणांना विश्रांतीसह औषध व ५२ जणांना केवळ विश्रांती कशी वाट्यास आली, हे यदृच्छ संख्या व मोहोरबंद लखोटे यांच्या तपशिलासह सांगितले आहे. पुढे हा कित्ता गिरविला गेला नाही. १९९५ साली शुल्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २५० चाचण्या तपासल्या, तेव्हा वाटणी गुप्त कशी राखली याचा खुलासा बहुसंख्य वृत्तान्तांत नव्हता. जेथे तो संदिग्ध होता तेथे उपचाराचा गुण, शक्यता-गुणोत्तराने मोजता, सुमारे ३० टक्क्यांनी फुगलेला आढळला. जेथे गुप्तता उघडच अपुरी होती तेथे ४१ टक्क्यांनी. दोष लेखनशैलीचा नव्हता. त्याची किंमत रुग्णास मोजावी लागत होती.

यावर १९९६ साली ‘कॉन्सॉर्ट’ या नावाने २१ कलमांची यादी व रुग्णांच्या वाटचालीचा एक आराखडा पुढे आला. सुधारणेसाठी निवडलेले वर्तन होते लेखकाचे, तेही चाचणी संपून लेखणी हाती घेतल्यानंतरचे. ही निवड स्वाभाविक खरी, पण दुबळी. २०१२ च्या एका समीक्षेत, यादीचा पुरस्कार करणारी नियतकालिके २७ पैकी २५ कसोट्यांवर सरस दिसली. मात्र संख्याशास्त्राच्या दृष्टीने निर्णायक फरक पाचांतच होता. पुरस्कार करणे निराळे आणि प्रत्येक हस्तलिखित यादीशी ताडून पाहणे निराळे. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी अशीच एक यादी २०१० साली निघाली. लेखकांकडून ती भरून घेतल्याने काय साधते, याचीच यदृच्छ चाचणी १,६८९ हस्तलिखितांवर झाली. तिचा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला : यादी मागितलेल्या वा न मागितलेल्या, कोणत्याही गटातील एकही लेख पूर्णपणे यादीबरहुकूम नव्हता.

दरम्यान दुसरे एक वर्तन निवडले गेले होते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने सप्टेंबर २००४ मध्ये जाहीर केले की, १ जुलै २००५ नंतर सुरू होणाऱ्या चाचणीची नोंद पहिला रुग्ण दाखल होण्यापूर्वी झालेली नसल्यास तिचा वृत्तान्त छापला जाणार नाही; चालू चाचण्यांनाही सप्टेंबरपर्यंतचीच मुदत मिळाली. कृती एकच, ती झाली की नाही हे क्षणात पाहता येणारी, आणि किल्ली द्वारपालाच्या हाती. अमेरिकेच्या सरकारी नोंदवहीतील चाचण्या मे ते ऑक्टोबर २००५ या काळात १३,१५३ वरून २२,७१४ वर गेल्या. भारतात अशी नोंदवही जुलै २००७ मध्ये उघडली व १५ जून २००९ पासून नोंद सक्तीची झाली.

तथापि नोंद करणे आणि नोंदीस जागणे ही दोन वर्तने होत. दुसऱ्याची पाळत संपादकांनी ठेवली नाही. २०१५-१६ मध्ये एका ब्रिटिश गटाने पाच अग्रगण्य नियतकालिकांतील ६७ चाचण्या त्यांच्या पूर्वनोंदींशी ताडून पाहिल्या. परिणामांची पारख कशावरून करावयाची हे आधी ठरवून तसेच सांगितलेल्या चाचण्या नऊच निघाल्या. ३५४ ठरलेले निकष गाळलेले होते व ३५७ नवे निकष गाजावाजा न करता घातलेले होते. उरलेल्या ५८ चाचण्यांविषयी संपादकांस पत्रे गेली. त्यांतली २३ छापली गेली. दोन नियतकालिकांनी एकही छापले नाही.