कपाटावरची चकाकी

राजांच्या लढायांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकतो. आज घरातल्या लाकडी कपाटाच्या चकाकीचा ऐकू.

पूर्वी ही चकाकी लाखेची असे. पळस, कुसुम, बोर या झाडांवरील किड्यांपासून मिळणारी लाख स्पिरिटात विरघळवून कारागीर कापडाच्या बोळ्याने थरावर थर चढवी. एका कपाटाला कित्येक दिवस लागत.

१८४६ साली शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने नत्राम्ल व गंधकाम्ल यांच्या योगाने कापसाचे स्फोटक बनविल्याचे जाहीर केले. पहिल्या महायुद्धात त्याचे कारखाने फोफावले. युद्ध संपताच तो पदार्थ रोगणाकडे वळला. १९२३ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीचे ‘ड्यूको’ लॅकर आले. मोटारींमागून फर्निचरही त्याने चमकू लागले. दिवसांचे काम तासांवर आले.

हे लॅकर वाळले तरी थिनरने पुन्हा विरघळते. म्हणून जुने कपाट धुऊन, हलके घासले की नवा थर जुन्याशी एकजीव होतो. सारे खरवडावे लागत नाही.

परंतु उडालेला थिनर जातो कोठे? पॉलिशवाल्याच्या छातीत! सुरुवातीच्या काही थिनरांतील बेंझीन तर रक्त तयार करणारी अस्थिमज्जाच नासवी. १९४८च्या कारखाना कायद्याने वाफांचा बंदोबस्त सक्तीचा केला. पण यंत्रशक्ती असूनही दहा कामगारांखालची जागा सहसा कारखाना ठरत नसे. तुमच्या घरी एकटा फवारणारा माणूस कायद्याबाहेरच राहिला.

तेव्हा धूळ बसेल म्हणून खिडक्या लावू नका, शेगडी विझवा. तोंडावरचा नुसता फडका वाफ अडवीत नाही. योग्य मुखवट्याचे पैसे मजुरीतच धरा. चकाकी आपली, श्वास मात्र त्याचा आहे.