शाकारणी

शाकारणी म्हणजे पावसाळ्याआधी दरवर्षी केली जाणारी छपराची डागडुजी. कुजलेला पेंढा काढून नवा घालणे, फुटकी कौले बदलणे, सरकलेली जागेवर बसवणे, किडका वासा उतरवून दुसरा बांधणे ही त्यातली मुख्य कामे. शब्दाचा रूढ अर्थ छपरापुरता आहे. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांच्या आदिवासी पट्ट्यात, कासा-सायवनच्या डोंगराळ बाजूला, त्याच दिवसांत कुड लिंपणे, जमीन सारवणे आणि चूल नव्याने घालणे हीही कामे येतात. उन्हाळ्यात गारवा आणि थंडीत ऊब देणारी सगळी योजना इथे घराच्या बांधणीतच असते, त्यामुळे तिची निगा म्हणजे घराचीच निगा.

वारली, कोकणा किंवा कातकरी कुटुंबाचे जुन्या धाटणीचे घर लाकडी मेढींवर उभे असते. छपराचा भार भिंतीवर येत नाही. भिंत कारवीच्या झुडपाची. काठ्या शेजारी शेजारी उभ्या करून बांबूच्या आडव्या कामट्यांनी आवळतात आणि दोन्ही अंगांनी माती, शेण व भाताचे तूस कालवून लिंपतात. हा कुड. तो वर छपरापर्यंत भिडत नाही, मध्ये फट राहते. बाहेरच्याला ती अर्धवट कामाची खूण वाटते, पण आढ्याखाली साचणारी तापलेली हवा आणि चुलीचा धूर याच वाटेने बाहेर पडतात. पेंढ्याच्या थरात हवा कोंडलेली असते आणि कोंडलेली हवा उष्णता सावकाश वाहून नेते. धान्य व सरपण ठेवण्याचा माळा असला, तर छप्पर आणि माणूस यांच्यामध्ये आणखी एक आड येतो. खाली उतरलेली वळचण भिंतीवर ऊन पडू देत नाही.

देशावरील जाड मातीच्या भिंतींचे तंत्र याहून निराळे. तिथे दिवस तापतो आणि रात्र चांगली गार होते. जाड भिंत दिवसाची उष्णता पोटात घेते व रात्री सोडते. किनारपट्टीच्या दमट हवेत रात्रीचा उतार थोडा, म्हणून उष्णता साठवणारी भिंत इथे अडचणीचीच ठरते. पातळ कुड सूर्य मावळल्यावर लवकर निवतो.

कामाचा हंगाम होळीनंतर सुरू होतो आणि मृग नक्षत्रापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, संपावा लागतो. पेंढ्याचे छप्पर शाकारताना वळचणीपासून आढ्याकडे जातात, म्हणजे वरचा थर खालच्यावर चढतो आणि पाणी आत न शिरता ओघळून जाते. उतार कमी पडला की पाणी मुरते व पेंढा कुजतो. नळीची कौले हलवायला माकडे, मांजरे आणि वारा पुरेसे असतात. दरवर्षी काही फुटतात, काही घसरतात. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू तालुक्यातल्या धुंदलवाडीच्या परिसरात वारंवार जाणवलेल्या भूकंपाच्या धक्क्यांनी यात भर घातली. हलका, लवचिक कुड अशा हादऱ्यांत बरा टिकतो. अंगावर पडण्याची भीती असते ती सुट्या कौलांची. मंगळुरी कौल खाचेत बसत असल्याने कमी सरकते. मंगळुरात बाझेल मिशनने १८६५ मध्ये कारखाना काढल्यावर हे कौल पश्चिम किनाऱ्यावर पसरले.

कुडाची निगा त्या मानाने सोपी, पण सतत करावी लागणारी. लिंपण तडकले की फटीतून वारा येतो आणि वाळवीही. पावसाची झड ज्या अंगाने येते, तिथे झावळ्यांचे झाप लावून भिंत वाचवतात. मेढीचा जमिनीतला बुडखा आधी कुजतो, म्हणून तिथे खैरासारखे टणक लाकूड बरे. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि बी पडल्यावर मरते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ व २०२४ मध्ये बहरली होती. म्हणून कुड बदलायची वेळ आली, तरी जवळच्या डोंगरावर जून काठी मिळेलच असे नाही.

थंडीत ऊब मिळते ती चुलीपासून. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारठा असतो आणि घराच्या एका भागात बांधलेल्या गुरांचीही थोडी ऊब मिळते. चुलीच्या धुराने छपराला काजळी धरते, वासे व पेंढा कोरडे राहतात, किडा कमी लागतो. तोच धूर बाईच्या डोळ्यांना आणि छातीला बाधतो, त्यामुळे गॅस आला तर त्याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. मात्र धूर थांबलेल्या घरात वासे व बांधण्या अधिक वेळा तपासाव्या लागतात. काजळी धरलेल्या छपराखाली ठिणगीचाही धोका असतो. चुलीवरच्या भागातली जळमटे काढणे याच निगेत येते.

पत्रा आला आणि शाकारणीचे कष्ट संपले. पत्रा गळत नाही, दरवर्षी बदलावा लागत नाही, पण दुपारी तो तव्यासारखा तापतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या (ग्रामीण) किंवा शबरी घरकुल योजनेच्या विटांच्या घरात वर पत्रा वा स्लॅब असतो आणि भिंत छतापर्यंत बंद, म्हणजे गरम हवेची जुनी वाट बुजलेली. तिथे गारव्याचा भार पंख्यावर येतो. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट वीज खातो, बीएलडीसी मोटरचा सुमारे ३०. पात्यांवरची धूळ पुसणे आणि जुना पंखा मंदावल्यास कपॅसिटर बदलून घेणे एवढीच पंख्याची निगा. विदर्भात चालणारा कूलर इथे फारसा उपयोगी नाही. पाण्याची वाफ होऊन हवा गार होते आणि हवेत आधीच ओल असली की वाफ फारशी होत नाही. एसी बसवलाच, तर जाळी पंधरवड्याने धुवावी लागते. भारतात जानेवारी २०२० पासून विकल्या जाणाऱ्या एसीचे मूळ तापमान २४ अंशांवर लावलेले असते.

पत्र्याचा ताप उतरवण्याचे उपाय फार खर्चाचे नाहीत. वरून चुना मारल्यास बरेचसे ऊन परतते, पण पहिल्याच पावसात तो धुपतो आणि दरवर्षी पुन्हा मारावा लागतो. भिंतीच्या माथ्याला झरोके ठेवल्यास बंद झालेली वाट मोकळी होते. पत्र्याखाली बांबूचा तट्टा बांधला, तर मध्ये हवेचा थर राहतो, आणि पावसाळ्यात चढवलेला दुधी किंवा कारल्याचा वेल ऑक्टोबरच्या उन्हातही पत्र्यावर सावली धरतो.