काटकसर समित्या, शासकीय

शासनाच्या निरनिराळ्या खात्यांचा खर्च तपासून तो कोठे व किती कमी करता येईल, हे सुचविण्यासाठी नेमलेल्या समित्या. अशा समित्या अनेक देशांत वेळोवेळी नेमल्या गेल्या. तथापि पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये नेमलेली गेडिस समिती (१९२१-२२) आणि तिच्या पाठोपाठ हिंदुस्थानात काम केलेली इंचकेप समिती (१९२२-२३) यांचा इतिहास विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. खर्चाला कात्री लागताना शाळा, घरे, आरोग्य यांसारख्या लोकोपयोगी सेवांचे काय होते, हा प्रश्न या दोन्ही प्रसंगी निरनिराळ्या स्वरूपात पुढे आला.

ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज महायुद्धाच्या काळात सुमारे बारापट वाढले होते. युद्धोत्तर तेजी १९२० मध्ये ओसरली आणि १९२१ च्या मध्यास बेकारांची संख्या वीस लक्षांवर गेली. त्याच वर्षी वृत्तपत्रांचे मालक लॉर्ड रॉदरमिअर यांनी ‘उधळपट्टीविरोधी संघ’ स्थापन केला व काही पोटनिवडणुकांत त्याला यश मिळाले. करदात्यांचा हा रोष पाहून पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी ऑगस्ट १९२१ मध्ये सर एरिक गेडिस (१८७५–१९३७) यांच्या अध्यक्षतेखाली पाच जणांची समिती नेमली. सर्व सदस्य व्यापार, जहाजवाहतूक व रेल्वे या क्षेत्रांतील होते. शिक्षण किंवा आरोग्य यांच्याशी ज्याचा व्यवसायाने संबंध होता, असा त्यांत कोणीही नव्हता. त्यांच्यापैकीच एक म्हणजे हिंदुस्थानच्या व्यापारात आयुष्य गेलेले लॉर्ड इंचकेप (१८५२–१९३२) हे होत.

एकूण कपातीचे उद्दिष्ट साडेसतरा कोटी पौंडांचे होते. त्यापैकी सुमारे साडेसात कोटी खात्यांनी स्वतः सुचविले. उरलेले दहा कोटी शोधण्याचे काम समितीकडे आले. कर्जावरील व्याज हा खर्चाचा मोठा भाग समितीच्या कक्षेबाहेर होता. साहजिकच सर्व भार सैन्यदले, शिक्षण, आरोग्य, गृहनिर्माण, निवृत्तिवेतन अशा चालू सेवांवर पडला. समितीने डिसेंबर १९२१ ते फेब्रुवारी १९२२ या काळात तीन अहवाल दिले व सुमारे ८.७ कोटींची कपात सुचविली. तीत अर्ध्याहून अधिक वाटा सैन्यदलांचा होता, हे पुष्कळदा विसरले जाते. ‘गेडिसची कुऱ्हाड’ म्हणून जी शिफारस लोकांच्या स्मरणात राहिली, ती मात्र शिक्षणासंबंधीची होती.

शिक्षणातून १.८ कोटी पौंड वाचवावेत, असे समितीचे म्हणणे होते. मुलांना पाचऐवजी सहाव्या वर्षी शाळेत घ्यावे, एका शिक्षकामागे सुमारे पन्नास विद्यार्थी असावेत, शिक्षकांनी आपल्या निवृत्तिवेतनासाठी पगाराच्या पाच टक्के रक्कम भरावी, अशा तिच्या सूचना होत्या. शिक्षणमंत्री हर्बर्ट फिशर यांचा १९१८ चा शिक्षण कायदा अजून पुरता अंमलातही आला नव्हता. समितीचा दुसरा आक्षेप अनुदानाच्या पद्धतीवर होता. स्थानिक संस्था जितका खर्च करील त्याचा ठराविक टक्का मध्यवर्ती शासनाने द्यावयाचा, या पद्धतीने काटकसरीची प्रेरणाच नष्ट होते, असे तिने दाखविले. या युक्तिवादात तथ्य होते. पण त्याची दुसरी बाजूही होती. टक्केवारीच्या अनुदानामुळेच गरीब नगरपालिकांना शाळा व दवाखाने काढण्याचे धैर्य होत असे. ठोक रक्कम एकदा ठरली की पुढील वाढीचा सर्व बोजा स्थानिक करदात्यावर पडतो. मध्यवर्ती अर्थसंकल्पात जी बचत दिसते, ती पुष्कळदा केवळ खर्चाचे स्थलांतर असते. आरोग्यविषयक अनुदाने पुढे १९२९ च्या स्थानिक शासन कायद्याने ठोक स्वरूपाची झाली.

अहवालावर शिक्षकसंघटनांनी मोठे आंदोलन केले, तर नौदल खात्याने समितीच्या आकड्यांचे उघड खंडन प्रसिद्ध केले. मंत्रिमंडळाने अखेर सुमारे ५.२ कोटींचीच कपात स्वीकारली. शिक्षणातील कपात मूळ सूचनेच्या साधारण एक-तृतीयांशावर आली. प्रवेशाचे वय वाढविण्याची सूचना सोडून देण्यात आली. शिक्षकांची पाच टक्के वर्गणी मात्र १९२२ च्या कायद्याने लागू झाली. गृहनिर्माणावर आघात त्यापूर्वीच झाला होता : अ‍ॅडिसन यांच्या १९१९ च्या कायद्याखालील घरांची संख्या जुलै १९२१ मध्ये सुमारे १,७६,००० वर मर्यादित करण्यात आली आणि अ‍ॅडिसन यांनी राजीनामा दिला. याउलट १९२२ च्या अर्थसंकल्पात प्राप्तिकराचा दर पौंडास सहा शिलिंगांवरून पाच शिलिंगांवर आणला गेला. युद्धातून परतलेल्या सैनिकांना चांगल्या घरांचे आश्वासन मिळाले होते. त्यांच्या दृष्टीने हा हिशेब समजणे कठीण होते.

हिंदुस्थानात परिस्थिती वेगळी होती. लष्करावरील प्रचंड खर्च आणि शिक्षणाची उपासमार यांतील विसंगती गोपाळ कृष्ण गोखले यांनी वेल्बी आयोगापुढील साक्षीपासून (१८९७) अर्थसंकल्पावरील आपल्या भाषणांपर्यंत सातत्याने मांडली होती. त्यांचे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक (१९११) नामंजूर झाले, त्यातही पैशाची अडचण पुढे करण्यात आली होती. महायुद्धानंतर लागोपाठ पाच वर्षे मध्यवर्ती अर्थसंकल्पात तूट येऊन ती एकंदर सुमारे १०० कोटी रुपयांवर गेली, तेव्हा इंचकेप यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. पुरुषोत्तमदास ठाकुरदास, दादिबा दलाल व राजेंद्रनाथ मुखर्जी हे तिचे हिंदी सदस्य होते. मार्च १९२३ च्या अहवालात तिने सुमारे १९.२५ कोटींची कपात सुचविली. तीत अर्ध्याहून अधिक लष्करी खर्चातील होती. हा खर्च प्रथम ५७.७५ कोटींवर व कालांतराने ५० कोटींवर आणावा, असे तिचे मत होते. काटकसरीच्या शिफारशी आल्या, तरी त्याच महिन्यात मिठावरील कर मणास सव्वा रुपयावरून अडीच रुपये करण्यात आला. विधिमंडळाने तो फेटाळला असता व्हाइसरॉय रीडिंग यांनी आपल्या खास अधिकारात तो लागू केला. पुढील वर्षी तो पूर्ववत् झाला.

शिक्षण व आरोग्य १९२१ पासून प्रांतांकडे गेल्यामुळे इंचकेप समितीची कात्री त्यांना प्रत्यक्ष लागली नाही. परंतु त्यांची खरी ओढाताण प्रांतांतच चालू होती. मेस्टन निवाड्यानुसार प्रांतांनी मध्यवर्ती शासनास वर्षाला ९.८३ कोटी द्यावयाचे होते. मुंबई इलाख्याचा वाटा ५६ लक्षांचा होता. शिक्षण हे मंत्र्याच्या अखत्यारीतील ‘सोपीव’ खाते, अर्थखाते मात्र ‘राखीव’. त्यामुळे मंत्र्याकडे जबाबदारी होती, थैली नव्हती. मुंबईचे शिक्षणमंत्री र. पु. परांजपे यांच्या कारकिर्दीत संमत झालेल्या १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा स्थानिक संस्थांकडे सोपविल्या आणि सक्तीच्या शिक्षणासाठी होणाऱ्या वाढीव खर्चापैकी नगरपालिकांना निम्मा व जिल्हा लोकल बोर्डांना दोन-तृतीयांश खर्च शासनाने देण्याचे ठरविले. पद्धत टक्केवारीचीच, गेडिस समितीने दोषास्पद ठरविलेली. प्रत्यक्षात योजना मंजुरीसाठी येत, पण शासनाच्या वाट्याची रक्कम उपलब्ध नसे. १९३० नंतरच्या मंदीत तर सक्तीचा विस्तार बहुतेक ठप्प झाला. मेस्टन निवाड्याखालील प्रांतांची वर्गणी १९२८ मध्ये कायमची रद्द झाली, तेव्हा मंदीला अवघा एक वर्षाचा अवधी उरला होता.