परभाषेतील निबंधवाचन : भांडारकर आणि टिळक

सातवी आंतरराष्ट्रीय प्राच्यविद्या परिषद १८८६ साली व्हिएन्ना येथे भरली, तेव्हा मुंबई सरकारचे प्रतिनिधी म्हणून रामकृष्ण गोपाळ भांडारकर तेथे गेले होते. रामानुजीय आणि भागवत अथवा पाञ्चरात्र मते यांवरील त्यांचा निबंध इंग्रजीत होता. निबंधाच्या विषयाची चर्चा अभ्यासक करतात. त्याच्या भाषेची सहसा होत नाही.

परिषदांशी भांडारकरांचा संबंध त्यापूर्वीचा होता. १८७४ च्या लंडन परिषदेस त्यांना जाता आले नाही, परंतु नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवरील त्यांचा इंग्रजी निबंध तिच्या कार्यवृत्तात छापला गेला. पाठविलेल्या निबंधाला शंकाकाराशी समोरासमोर बोलावे लागत नाही. व्हिएन्नात ती सोय नव्हती. तथापि तेथील अवघडलेपण एकतर्फीही नव्हते. जर्मनभाषी श्रोत्यांनाही इंग्रजी परकीच होती. उभयपक्षी खरी ओळखीची भाषा होती ती चर्चाविषय ग्रंथांची, म्हणजे संस्कृत. १८८१ च्या बर्लिन परिषदेत श्यामजी कृष्णवर्मा यांनी संस्कृत ही भारतातील जिवंत भाषा असल्याचे प्रतिपादन केले होते; ते प्रतिपादनही इंग्रजीतच व्हावे, यात थोडा विनोद आहेच.

भांडारकर मालवणला जन्मलेले. पण मराठीत विचार करून तो इंग्रजीत उतरविण्याची त्यांची रीत असावी, असे मानण्यास आधार दिसत नाही. विद्यार्थ्यांसाठी रचलेली त्यांची संस्कृतची पाठ्यपुस्तकेही इंग्रजीतूनच संस्कृत शिकवितात. ग्रंथांचा कालनिर्णय, पाठचिकित्सा, मतांची तुलना या कामांपुरती इंग्रजी हीच त्यांची पहिली भाषा होती, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. भक्ती या विषयावर ते मराठीत बोलत नसत असे मात्र नाही. प्रार्थना समाजाच्या उपासनेत ते मराठीतून प्रवचने करीत आणि तुकारामांच्या अभंगांचा आधार घेत. एकाच जिज्ञासेचे असे दोन भाग पडले. भक्तीचा इतिहास इंग्रजीत गेला, भक्तीचा उपदेश मराठीत राहिला. इंग्रजीमुळे विवेचनाला तटस्थता आली, हे समर्थन अर्धेच खरे आहे. तटस्थता त्यांच्या पद्धतीत होती. व्हिएन्नातील विषयाचा विस्तार ज्यात आढळतो, तो वैष्णव व शैव पंथांवरील ग्रंथ १९१३ साली स्ट्रासबुर्ग येथे एका जर्मन ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला, तोही इंग्रजीत. वारकऱ्याच्या दैवताचा हा इतिहास वारकऱ्याच्या भाषेत आधी लिहिला गेला नाही.

हिंदुस्थानातील भाषांची पद्धतशीर पाहणी व्हावी, अशी शिफारस ग्रिअर्सन यांच्या पुढाकाराने व्हिएन्नाच्याच परिषदेने केली. त्या भाषा अभ्यासाचा विषय होत्या. अभ्यास मांडण्याचे माध्यम नव्हत्या.

टिळकांचे उदाहरण याहून बोलके आहे. ‘केसरी’तून मराठी गद्याला धार देणाऱ्या या संपादकाने वेदकालाविषयीचे संशोधन मात्र इंग्रजीत लिहिले. १८९२ च्या लंडन परिषदेसाठी ते फार लांबले, म्हणून केवळ सारांश पाठविला गेला. पूर्ण ग्रंथ ‘ओरायन’ १८९३ साली निघाला. त्याच वर्षी बॉन येथील याकोबी यांनी ज्योतिषविषयक प्रमाणांवरून, स्वतंत्रपणे, बऱ्याच अंशी तसाच निष्कर्ष जर्मनमध्ये मांडला. दोन्ही मतांचा एकत्र परामर्श १८९४ साली ‘इंडियन अँटिक्वरी’त घेतला, तो ब्यूलर यांनी. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात अनेक वर्षे काढून व्हिएन्नास प्राध्यापक झालेल्या या जर्मन पंडिताने तो परामर्श लिहिला इंग्रजीत, म्हणजे त्याच्याही परभाषेत.