मळवलीच्या छापावरचा ठपका

दसरा सरला की मुंबई-पुण्यात चित्रप्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. जहांगीर कलादालनातल्या तारखा कितीतरी आधीच ठरलेल्या असतात. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात एकाची चित्रे उतरतात तोवर दुसऱ्याची येऊन पडतात. उन्हे तापेपर्यंत ही लगबग चालते. या हंगामात जाणकारांच्या बोलण्यात एक मत हमखास येते: चित्र खरे पाहायचे ते दालनात, मूळ कॅनव्हाससमोर उभे राहून, छापील चित्र ही त्याची उतरती कळा, आणि रविवर्म्याच्या छापील तसबिरींनी तर आपल्या लोकांची नजरच बिघडवली. बोलता बोलता मावळाचा विषय निघाला तर लेणी, किल्ले आणि पाऊस यांपलीकडे तिथे काही नाही, चित्रकलेची परंपरा तर नाहीच, असेही सांगितले जाते.

या मताचे खंडन करायचे आहे. पण ते उथळ माणसांचे मत नाही, म्हणून पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण जोरानिशी मांडला पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी ई. बी. हॅवेल, आनंद कुमारस्वामी आणि भगिनी निवेदिता यांनी रविवर्म्यावर कडक टीका केली. त्याच्या पौराणिक चित्रांत नाटकी हावभाव आहेत, कल्पनेची झेप नाही आणि पवित्र विषयांना लागणारा भारतीय भाव नाही, असे कुमारस्वामींचे म्हणणे. जमिनीवर पहुडून पत्र लिहिणारी शकुंतला निवेदितांना अभिरुचीला सोडून वाटली. रविवर्म्याने काढलेल्या छापखान्याबद्दलचे आक्षेप याच मुळातून फुटले. यंत्राने हजारो प्रती काढल्या, त्यामुळे चित्राचे एकमेवपण गेले. धंद्याने कलेला गिळले. गावोगावच्या देवतांची निरनिराळी रूपे पुसली जाऊन सगळ्या देव्हाऱ्यांत एकच गोरी, भरल्या अंगाची, पाश्चात्त्य छायाप्रकाशातली लक्ष्मी येऊन बसली. यांतला शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे.

आता हा छापखाना होता कुठे ते पाहू. रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला. यंत्रे जर्मनीची, तंत्रज्ञही तिकडचे आणि व्यवस्था धाकटा भाऊ सी. राजराजवर्मा याच्याकडे. शकुंतलाजन्माचे चित्र पहिल्याने छापले गेले, मग लक्ष्मी, सरस्वती. 1896 मध्ये मुंबईत प्लेग उसळला आणि धंद्याची घडी विस्कटली. 1899 च्या सुमारास कारखाना लोणावळ्याजवळ मळवलीला आला. उत्तरेला कार्ल्याची लेणी, दक्षिणेला भाजे, त्यामागे लोहगड-विसापूर, जवळ इंद्रायणी आणि दाराशी मुंबई-पुणे लोहमार्ग. 1901 च्या सुमारास रविवर्म्याने तो आपल्या जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला, विकून टाकला. त्यानंतर सात दशके इथून चित्रे बाहेर पडत राहिली. 1972 मध्ये आग लागली आणि कारखान्याबरोबर जुन्या छापांचा मोठा साठा खाक झाला.

‘धंद्याने कलेला गिळले’ हा आक्षेप या हकिगतीसमोर टिकत नाही. पैशासाठीच छापखाना काढला असता तर दरबारी चित्रकार म्हणून ज्याला राजेरजवाडे बोलावत होते त्या माणसाला हा खटाटोप करण्याचे कारण नव्हते. कारखान्यात त्याला तोटा आला आणि तो विकावा लागला. मुळात ही कल्पना मुत्सद्दी सर टी. माधवरावांनी पत्रातून सुचवली होती. तुमची चित्रे हवी असणारे पुष्कळ आहेत, तुमचे हात दोनच, म्हणून निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांचे ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखे दिसणारे रंगीत छाप, काढून घ्या, असे त्यांनी कळवले. मागणी लोकांची होती, आणि ती पुरवायला दोन हात कमी पडत होते.

यंत्राचा आक्षेप अधिक काळजीने तपासायला हवा, कारण तो करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी शिळाछाप कसा होतो हे पाहिलेले असते. बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या खाणीतला चुनखडीचा जाड, गुळगुळीत घोटलेला दगड घ्यायचा. त्यावर तेलकट शाईने किंवा खडूने चित्र उलटे काढायचे, म्हणजे डावे ते उजवीकडे. मग डिंक आणि सौम्य आम्ल लावून दगड तयार करायचा. पाण्याने ओला करून त्यावर शाईचा रूळ फिरवला की पाणी शाईला दूर सारते आणि तेलकट रेघ तिला धरते. हा झाला एक रंग. प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड, आणि चांगल्या तसबिरीला असे दहा किंवा त्याहून जास्त दगड लागत. मूळ तैलचित्रात ब्रशच्या एका फटकाऱ्याने उतरलेला गाल इथे अनेक दगडांवर वाटला जातो: पिवळ्यात किती, गुलाबीत किती, सावलीच्या तपकिरीत किती. दगडावर काम करणारा कारागीर बारीक ठिपक्या-ठिपक्यांनी तो गाल बांधत जातो आणि सगळे रंग एकावर एक चढेपर्यंत तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणजे न दिसणारे चित्र मनात धरून तो काम करत असतो. हे डोळस चित्रकाराचे काम आहे. त्याला यांत्रिक नक्कल म्हणणे हा अन्याय आहे.

त्यातही जागा मळवलीची. जितके दगड तितक्या वेळा कागद यंत्राखालून जातो आणि प्रत्येक वेळी पहिल्या खुणेवर केसभरही न हलता बसावा लागतो. कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो. शेजारच्या लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मावळातला आषाढ-श्रावण ज्याने काढला आहे त्याला कपाटातले कपडेसुद्धा कसे ओले लागतात ते ठाऊक आहे. अशा हवेत दहाबारा रंग एकमेकांवर चोख बसवायचे म्हणजे हातांची आणि नजरेची परीक्षाच. जुन्या तसबिरीत देवीच्या ओठांच्या कडेला किंचित सरकलेला लाल रंग दिसला तर त्याला दोष म्हणण्याआधी हे लक्षात घ्यावे. शेवटी वार्निशचा हात आणि कॅनव्हाससारखा पोत उठवणारा दाब.

जपानात होकुसाईच्या लाटेचे चित्र कोणी दुय्यम मानत नाही. तेही छापच आहे. चित्रकार, लाकूड कोरणारा आणि छापणारा अशा तिघांच्या हातचे. लाकडावरचा छाप श्रेष्ठ कला आणि दगडावरचा छाप बाजारू माल, हा भेद कुठल्या तत्त्वावर केला ते मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही. खरे कारण मला वाटते ते असे: जपानी छापातल्या कोरणाऱ्याला तिथल्या परंपरेने मान दिला. मळवलीच्या दगडांवर ठिपके भरणाऱ्यांची नावे आपण लिहून ठेवली नाहीत. चित्राखाली नाव फक्त रविवर्म्याचे राहिले, आणि मग त्याचा ब्रश तिथे नाही म्हणून कलाच नाही, असा निकाल देणे सोपे झाले.

प्रदर्शनाच्या दालनाबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. रविवर्म्याचा प्रदर्शनांना विरोध नव्हता. त्याची कीर्तीच प्रदर्शनांनी केली. 1873 मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळाले, 1893 मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात दहा चित्रे गेली आणि पारितोषिके मिळाली. बडोद्याच्या सयाजीरावांसाठी काढलेली चौदा पौराणिक चित्रे राजवाड्यात जाण्याआधी लोकांना दाखवली गेली तेव्हा पाहणाऱ्यांची झुंबड उडाली. पुढे ती चित्रे लक्ष्मीविलास राजवाड्यात गेली. रांगा लावलेल्या त्या माणसांनी नंतर काय पाहायचे होते? 1888 मध्ये निघालेली बॉम्बे आर्ट सोसायटी प्रदर्शने भरवत होती, पण तिथवर पोचायला मुंबई, फुरसत आणि दारातून आत शिरण्याइतका धीर लागे. वडगावच्या दुकानदाराला किंवा तळेगावच्या शिक्षकाला यांतले काय परवडणार होते? मळवलीहून सुटणाऱ्या मालडब्यांनी चित्र त्याच्या घराच्या भिंतीवर नेले. तिथे ते बारा महिने राहिले. मूल त्याच्याकडे पाहत मोठे झाले, घरच्या बायकांनी देवीच्या शालूवर जर आणि टिकल्या चिकटवल्या. अशा सजवलेल्या तसबिरी आजही जुन्या घरांतून आणि संग्रहांतून पाहायला मिळतात. दालनातल्या चित्राला हात लावायची मुभा नसते. इथे पाहणारीने चित्र पुरे केले.

आणखी एक गोष्ट कला-समीक्षेत क्वचित येते. 1929 मध्ये पुण्यात पर्वतीच्या देवळात शिरता यावे म्हणून अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना सत्याग्रह करावा लागला, पुढच्या वर्षी नाशिकला काळाराम मंदिरात. त्या वेळी छापील देवाची तसबीर बाजारात येऊन तीन दशकांहून जास्त काळ लोटला होता. ती विकत घेणाऱ्याला पुजाऱ्याची परवानगी लागत नव्हती. तसबीर म्हणजे मंदिरप्रवेश नव्हे, आणि त्या लढ्याची जागा ती घेऊ शकत नव्हती. पण देवाचे मुख समोरासमोर पाहण्याचा हक्क तिने ज्यांच्या घरात नेला त्यांची अभिरुची ‘बिघडली’ असे म्हणणाऱ्याने आधी हे सांगावे की त्यांच्यासाठी दुसरे कोणते दालन उघडे होते.

राहिला वजनदार आक्षेप, एकसारखेपणाचा. यातले सत्य मी नाकारत नाही. या तसबिरींनी देवांना एका विशिष्ट वर्णाचे, एका विशिष्ट वर्गाचे रूप दिले आणि ते रूप पुढे कॅलेंडरांतून, कापडाच्या गठ्ठ्यांवरच्या लेबलांतून फार दूरवर गेले. श्लायशरच्या काळात जाहिरातींची आणि सुमार चित्रांची भर पडली. तिथले सगळेच काम सारख्या तोलाचे नव्हते. पण गावच्या देवता या छापांनी पुसल्या, हा निष्कर्ष निदान मावळात तरी खोटा ठरतो. कारखाना ज्या डोंगराच्या पायथ्याच्या टापूत होता, त्याच डोंगरावर कार्ल्याच्या चैत्यगृहाशेजारी एकवीरा आहे. शेंदरात माखलेली पाषाणाची देवी. चैत्रात मुंबई-रायगडाहून कोळी बांधव पालख्या घेऊन तिच्याकडे येतात. सत्तर वर्षे तिच्या नजरेखाली गोऱ्यापान लक्ष्म्या छापल्या गेल्या, आणि तिच्या रूपात काडीचा फरक पडला नाही. मावळातल्या घरात भिंतीवर रविवर्म्याची सरस्वती आणि शिवेवर शेंदराचा भैरवनाथ, दोन्ही एकाच माणसाचे देव होते. त्याला त्यांत विरोध दिसला नाही. तो पाहायला बाहेरून आलेला विद्वान लागला.

‘मावळात परंपरा नाही’ याचे उत्तर त्याच कार्ल्यात खोदलेले आहे. सुमारे 45 मीटर लांबीचे ते चैत्यगृह एका राजाच्या तिजोरीतून उभे राहिलेले नाही. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटचे यवन, तिथलाच सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त, सामि नावाचा सुतार, अशी नावे खांबांवर आणि दारांवर कोरलेली आहेत. कोणी खांब दिला, कोणी दरवाजा. कलेचा खर्च अनेकांनी थोडाथोडा उचलायचा, ही इथली फार जुनी रीत, आणि तसबिरीचे गिऱ्हाईक त्याच रीतीतले. रंगही होते. मावळातल्याच बेडशाच्या लेण्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रंगकामाचे अवशेष शिल्लक होते. साहेब भेटीला येणार म्हणून स्थानिक अधिकाऱ्यांनी साफसफाई करवली आणि त्यात ते गेले. परंपरा नव्हती असे म्हणणे वेगळे आणि ती धुऊन टाकली गेली हे वेगळे.

‘बिघडलेल्या’ नजरेतून पुढे काय निघाले, हेही मोजायला हवे. पुण्यात चिपळूणकरांनी 1878 मध्ये काढलेल्या चित्रशाळेने छापील चित्राची वाट आधीच पाडली होती. त्या वाटेवर मळवली आली आणि मळवलीच्या वाटेवर धुंडिराज गोविंद फाळके. जे. जे. मध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेला हा माणूस 1908 मध्ये लोणावळ्यात एनग्रेव्हिंग आणि छपाईचा कारखाना काढून रविवर्मा प्रेससाठी फोटो-लिथोचे काम करत होता. पुराणातला प्रसंग सामान्य माणसाला ओळखू येईल असा कसा मांडायचा, हे तो या तसबिरींच्या सहवासात शिकला असे मी मानतो. 1909 मध्ये तो रंगीत छपाईची यंत्रे आणायला जर्मनीला गेला, 1913 मध्ये त्याने ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या प्रेक्षकाला पडद्यावरचा राजा, ऋषी, राणी ओळखायला वेळ लागला नाही. त्याची नजर मळवलीने तयार केली होती.

1979 मध्ये रविवर्म्याची चित्रे राष्ट्रीय कलानिधी ठरली आणि ती देशाबाहेर नेण्यास बंदी आली. ते योग्यच झाले. मात्र दालनांच्या हंगामात आता जुने ओलिओग्राफही चौकटीत मांडले जातात तेव्हा चित्रकाराचे नाव असते, विषयाचे असते, मळवलीचे बहुधा नसते. वास्तविक अनेक तसबिरींच्या खालच्या कडेला रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा, असे बारीक अक्षरांत छापलेले आहे. चौकट बसवणारे पांढरा माउंट घालताना नेमकी ती पट्टी झाकतात, कधी कापूनही टाकतात. हे थांबले पाहिजे. प्रदर्शन भरवणाऱ्यांनी ती कड उघडी ठेवून तसबीर मांडावी, शेजारी शिळाछापाचा एखादा दगड ठेवावा आणि एकाच चित्राचे रंगागणिक काढलेले छाप मिळाले तर तेही ओळीने लावावेत. आणि मावळातल्या ज्या घरांत या तसबिरी अजून आहेत, त्यांनी काच बदलायला दिली तर कारागिराला बजावून सांगावे की खालची पट्टी कापायची नाही.